सामू दोन्हीकडे ५.४, मग तोच चुना एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी का पडला?

वाचकाचं पत्र

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्यांमध्ये बाग केली आहे. सहा बादल्यांत नर्सरीतून पोत्याने आणलेली लाल माती आहे आणि त्यात मोगरा लावलाय. चार बादल्यांत मुरबाडजवळच्या आमच्या भातखाचरातली काळपट चिकण माती आहे, त्यात टोमॅटो. प्रत्येक बादलीत साधारण २५ किलो माती भरते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन्ही मातींचा सामू (pH) मोजला, तो ५.४ निघाला. म्हणून शेतीच्या दुकानातून बारीक दळलेला चुनखडीचा चुना आणला आणि प्रत्येक बादलीत ४० ग्रॅम नीट मिसळला. आठ आठवड्यांनी मोजलं तर लाल मातीचा सामू ७.३ झालाय. मोगऱ्याची नवी पानं पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. काळ्या मातीत सामू जेमतेम ५.९, टोमॅटो खुरटलेलेच. चुना तोच, माप तेच, पाणीही तेच. चुकलं कुठे? आणि आता काय करू?

उत्तर

ताई, तुमचं वजन-माप चुकलेलं नाही. चुकलं ते एवढंच, की चुना किती घालायचा हे तुम्ही नुसत्या सामूच्या आकड्यावरून ठरवलंत. सामू माती किती आंबट आहे ते सांगतो (आकडा जेवढा कमी, तेवढी माती जास्त आंबट), आंबटपणाचा साठा किती आहे ते सांगत नाही. ताकाचंच बघा. तांब्यातलं ताक आणि घागरीतलं ताक चवीला अगदी सारखं आंबट असू शकतं, पण ते गोड करायला साखर सारखी पुरेल का? तुमची लाल माती म्हणजे तांब्या आणि मुरबाडची काळपट माती म्हणजे घागर. तुम्ही दोन्हींत एकेक वाटी साखर घातलीत.

हिशेब करून बघितला की हे जास्त पटेल. २५ किलो ओल्या मातीत सहा लिटर पाणी आहे असं धरा. ५.४ सामूच्या सहा लिटर पाण्यात जेवढं मोकळं आम्ल असतं, ते मारायला दीड मिलिग्रॅम चुनासुद्धा लागत नाही. मोहरीचा एक दाणा याहून जड भरतो. मीटर किंवा पट्टी मोजते ती एवढ्याच आम्लाची चव. तुम्ही तर ४० ग्रॅम चुना घातलात. तो खर्च झाला मातीच्या कणांना चिकटून बसलेल्या आम्लावर. पाण्यातलं आम्ल संपलं की कणांवरचं सुटून त्याची जागा घेतं, ते संपलं की आणखी सुटतं. हा मागचा साठा जेवढा मोठा, तेवढा सामू जागचा हलायला कुरकुरतो.

आणि हा साठा किती, ते ठरतं मातीत कोणत्या जातीची चिकण खनिजं आहेत त्यावरून.

चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक असतो आणि तो पत्र्यांचा बनलेला असतो. पत्रे दोनच प्रकारचे, एक सिलिकाचा आणि एक ॲल्युमिनाचा. लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं. त्यात सिलिकाचा एक पत्रा आणि ॲल्युमिनाचा एक पत्रा अशी जोडी असते, आणि अशा जोड्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की मध्ये पाणीही शिरत नाही. विजेचा ऋण भार असतो तो फक्त कडांना, थोडासा. काळ्या चिकण मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं जास्त असतात, माँटमोरिलोनाइट हे त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं नाव. इथे सिलिकाचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनाचा एक, दोन पावांत वडा ठेवावा तशी रचना. खनिज तयार होतानाच त्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसून गेलेलं असतं. त्यामुळे ऋण भार कायमचा राहतो, सामू काहीही असो. शिवाय थरांमधली पकड सैल असल्याने पाणी आणि क्षार आतपर्यंत ये-जा करतात.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांसारखे धन भाराचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, धरून ठेवायची क्षमता केओलिनाइटची किलोमागे साधारण ३ ते १५ सेंटिमोल (असे कण मोजायचं माप) असते आणि स्मेक्टाइटची ८० ते १५०. पृष्ठभागाचा फरक तर त्याहून मोठा. एक ग्रॅम केओलिनाइटचा सगळा पृष्ठभाग पसरला तर १० ते २० चौरस मीटर भरतो, म्हणजे चाळीतली १६० चौरस फुटांची एक खोली. एक ग्रॅम स्मेक्टाइटचा भरतो ६०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांची पंधराएक घरं. आम्लाला राहायला जागा कुठे जास्त मिळणार हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की तुमच्या दोन्ही मातींचा मूळ दगड बहुधा एकच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. उतारावर, जिथे कोकणातला धो-धो पाऊस पडतो आणि पाणी लगेच निथळतं, तिथे दगडातला सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. मागे उरतं ते केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. जांभा आणि लाल माती ती हीच. सखल खाचरात पाणी साचून राहतं, वरच्या उतारावरून धुऊन आलेला सिलिका आणि मॅग्नेशियम तिथे अडकतं, आणि त्यातून स्मेक्टाइट तयार होतं. म्हणून एकाच गावात टेकडीवर लाल आणि खाली काळी माती दिसते. घाटापलीकडे पाऊसच कमी, त्यामुळे तिथे काळ्या मातीत चुनखडीही टिकून राहते आणि तिचा सामू बहुतेक वेळा ७.५ ते ८.५ असतो. तुमची माती त्या मातीसारखी दिसत असली तरी कोकणातल्या पावसाने तिचा चुना धुऊन नेलाय. ‘काळी माती’ म्हणून कुणी घाटावरच्या मातीसाठी दिलेला सल्ला तुमच्या बादल्यांना लावू नका.

रंगावर मात्र पूर्ण विसंबू नका. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्यावरून आतली चिकण कोणती हे खात्रीने कळत नाही. घरी करायची सोपी परीक्षा सांगतो. माती मैद्याच्या चाळणीतून चाळा, पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल मळा, बरोबर १० सेंटिमीटर लांबीची बोटाएवढी जाड वळी करा आणि सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळवा. मग पट्टीने मोजा. वळी ८ ते १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आखडली तर फुगणारी चिकण भरपूर आहे. तीन मिलिमीटरच्या आतच आखडली तर केओलिनाइटची माती किंवा वाळू जास्त आहे. उन्हाळ्यात बादलीच्या कडेने माती सुटून बोटभर फट पडते का, हीदेखील तीच खूण.

आता या साठ्यात नेमकं असतं काय, हे समजून घेणं तुमच्या टोमॅटोसाठी महत्त्वाचं आहे. आम्ल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हायड्रोजन येतो. पण आम्ल मातीत चिकणकणांवर बसलेलं असतं ते मुख्यतः ॲल्युमिनियम, आणि ते कुठून बाहेरून आलेलं नसतं. पावसाने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेलं की त्यांच्या जागी हायड्रोजन येतो. पण हायड्रोजन लादलेली चिकण टिकत नाही. आम्ल पत्र्याची कड कुरतडतं, पत्र्यातलंच ॲल्युमिनियम सुटं होतं आणि हायड्रोजनच्या जागी जाऊन बसतं. म्हणजे माती आंबते तेव्हा चिकण खनिज स्वतःच थोडं थोडं विरघळत असतं. हे सुटं ॲल्युमिनियम पाण्याशी प्रक्रिया करून पुन्हा हायड्रोजन सोडत राहतं, म्हणून आंबटपणा संपता संपत नाही.

सामू ५.५ च्या खाली गेला की हे ॲल्युमिनियम मुळांना बाधायला लागतं. टोमॅटोचं एक रोप उपटून मुळं धुऊन बघा. मुळं आखूड, जाडसर, टोकं तपकिरी आणि बारीक तंतुमुळं जवळपास नाहीतच, असं दिसलं तर फेब्रुवारीआधी लागलेला तो मार आहे. सामू ५.५ च्या वर आला की ॲल्युमिनियम न विरघळणारं हायड्रॉक्साइड होऊन बसतं, त्यामुळे आता ५.९ वर तो धोका टळलेला आहे. पण बिघडलेली मुळं पूर्ववत होत नाहीत. ही रोपं काढून टाका.

आता तुमच्या बादल्यांचा हिशेब. नकळत तुम्ही चुन्याची गरज काढायचा प्रयोगच करून ठेवलाय, आणि तो कुठल्याही पुस्तकी तक्त्यापेक्षा तुमच्या मातीला जास्त लागू आहे. २५ किलोला ४० ग्रॅम म्हणजे किलोला १.६ ग्रॅम चुना. लाल मातीत त्याने सामू १.९ ने वाढला, म्हणजे एक सामू वाढवायला किलोला सुमारे ०.८५ ग्रॅम. काळ्या मातीत तेवढ्याच चुन्याने सामू ०.५ ने वाढला, म्हणजे एक सामू वाढवायला ३.२ ग्रॅम. जवळपास चौपट. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, ही माती बदलेपर्यंत कामाला येतील.

काळ्या मातीला ५.९ वरून ६.४ वर न्यायचं आहे. अर्धा सामू, म्हणजे किलोला १.६ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बादलीला आणखी ४० ग्रॅम. पण एकदम घालू नका. आत्ता २० ग्रॅम, महिन्याने मोजून मग उरलेले २० किंवा लागतील तेवढे. चिकण मातीत चुना मिसळायची वेळ फार महत्त्वाची. ओली असताना मिसळलात तर चुन्याच्या गोळ्या होऊन अडकतात, कोरडी खडखडीत असताना ढेकळं फुटत नाहीत. वाफसा आला की, म्हणजे मूठ दाबून उघडल्यावर गोळा राहतो पण बोटाने टोचल्यावर फुटतो, तेव्हा सगळी माती ताडपत्रीवर ओता. चुना आधी दोन-तीन मुठी कोरड्या मातीत मिसळा, मग ती माती सगळ्यावर भुरभुरवून तीन-चार वेळा उलथापालथ करा आणि परत भरा. वरून शिंपडून पाणी घातलं तर काम होणार नाही. चिकण मातीत चुना वर्षभरात जेमतेम बोटभर खाली उतरतो. वर सामू ७.५ आणि मुळांशी ५.९, अशी विचित्र बादली तयार होते.

लाल मातीचं काम जास्त नाजूक आहे, कारण जिथे साठा लहान तिथे चुकीला जागाही लहान. या मातीला ६.३ पर्यंत आणायला १९ ग्रॅमसुद्धा पुरले असते. खरं तर केओलिनाइटच्या मातीत ६.५ गाठायचा आग्रहच धरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ॲल्युमिनियम बसवण्यापुरता, ५.८ ते ६.२ पर्यंत सामू आणला की काम झालं. त्यापुढे चुना घातला तर लोह, जस्त, मँगेनीज, बोरॉन मुळांना मिळेनासे होतात. मोगऱ्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याची खूण. मातीचा लाल रंगच लोहाचा आहे, तरी झाडाला लोह नाही, कारण एवढ्या सामूला ते विरघळतच नाही.

झाडाला आधी दिलासा द्या. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे घरचं लिंबूफूल, विरघळवा आणि मग पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घाला. क्रम उलटा केला तर पाणी लगेच गंजासारखं तांबडं होतं आणि फवारणी वाया जाते. संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फुलं लागली असतील तर त्यांच्यावर उडू देऊ नका, डाग पडतात. हिराकस मातीत ओतून उपयोग नाही, या सामूला ते काही दिवसांतच निकामी होतं.

सामू खाली आणायला दोन वाटा आहेत. रिकाम्या बादलीत किंवा कुंडी बदलताना गंधक चांगलं. एक ग्रॅम शुद्ध गंधक सुमारे ३.१ ग्रॅम चुन्याचा परिणाम घालवतं. ७.३ वरून ६.३ ला यायचं तर बादलीमागे २१ ग्रॅम चुन्याचा परिणाम घालवायचाय, म्हणजे सात ग्रॅम गंधक. बुरशीसाठी मिळणारं ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक असेल तर साडेआठ-नऊ ग्रॅम. त्याचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे ओल हवी आणि सहा ते आठ आठवडे थांबायला हवं. अर्धं आत्ता, अर्धं मोजून. पण तुमच्या बादल्यांत मोगरा उभा आहे आणि माती उकरली तर मुळं तुटतील. त्यापेक्षा अमोनियम सल्फेट वापरा. नत्रही मिळतं आणि मातीत त्याचं नायट्रेट होताना आम्लही सुटतं. ढोबळ हिशेब असा की १०० ग्रॅम अमोनियम सल्फेट सुमारे ११० ग्रॅम चुन्याचा परिणाम घालवतं. महिन्याला पाच ग्रॅम, दोन लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत, असे तीन महिने द्या. एवढ्याने सामू साधारण अर्धा-पाऊण खाली यावा. बाकीचं काम पाऊस करेल. या काळात दुसरं नत्र खत देऊ नका.

पाऊस काम करेल असं म्हटलं, त्यात धोकाही आहे. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गच्चीवरची बादली तो सगळा झेलते. लाल मातीच्या छोट्या साठ्यातलं कॅल्शियम भराभर धुऊन जातं. म्हणजे ही माती जेवढी पटकन वर जाते तेवढीच पटकन खालीही येते. म्हणून लाल मातीला चुना थोडा आणि वारंवार, वर्षातून एकदा बादलीला आठ-दहा ग्रॅम, तोही मोजून. काळ्या मातीला एकदा नीट दिला की दोन-तीन वर्षं बघायला नको.

लाल मातीचं भांडंच थोडं मोठं करायचं असेल तर त्यात कंपोस्ट घाला. चांगल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची धारण क्षमता किलोमागे १५० ते ३०० सेंटिमोल असते, स्मेक्टाइटपेक्षाही जास्त. मातीत पाच टक्के सेंद्रिय पदार्थ टिकवता आला तर तो एकटा सगळ्या केओलिनाइटपेक्षा जास्त धरून ठेवतो. दुसरी वाट म्हणजे दोन माती मिसळणं. दोन भाग लाल आणि एक भाग काळी घेतलीत तर एक सामू वाढवायला किलोला अंदाजे दीड-पावणेदोन ग्रॅम चुना लागेल. निचराही बरा आणि साठाही बरा. भाज्यांसाठी आम्ही हेच मिश्रण सुचवू. मुलतानी माती किंवा मांजरांसाठी मिळणारे बेंटोनाइटचे खडे घालायचा सल्ला हल्ली ऐकू येतो. तो घेऊ नका. बेंटोनाइट स्मेक्टाइटच असलं तरी त्यात अनेकदा सोडियम असतं. त्याने माती चिखलासारखी घट्ट बसते आणि निचरा जातो.

चुना म्हणून काय वापरावं याबद्दलही सांगायला हवं, कारण घरात पांढरी पूड दिसली की ती चुनाच वाटते. तुम्ही घेतलेला चुनखडीचा चुना योग्य आहे. डोलोमाइट त्यापेक्षा किंचित जास्त ताकदीचा असतो, सावकाश विरघळतो आणि मॅग्नेशियमही देतो, म्हणून धुपलेल्या लाल मातीला तो अधिक चांगला. कोरडी फक्की, म्हणजे विरवलेला चुना, ७४ ग्रॅम घेतला तर १०० ग्रॅम चुनखडीचं काम करतो, आणि तेही झटक्यात. काळ्या मातीत तो सावधपणे चालेल. लाल मातीत नको, जिथे पडेल तिथलं मूळ भाजतं. पानाच्या चुन्यात पाणी किती आहे हे बघून कळत नाही, त्यामुळे त्याचं मापच धरता येत नाही. रांगोळी कधी चुनखडीच्या दगडाची असते, कधी गारेच्या. व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसली नाही तर ती मातीला निरुपयोगी. अंड्याची टरफलं मिक्सरमधून मैद्यासारखी दळली तरच उपयोगी, हाताने चुरलेली वर्षभर तशीच पडून राहतात. आणि गणपतीनंतर उरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस घालून आंबटपणा जात नाही. ते कॅल्शियमचं सल्फेट असतं, त्यात कॅल्शियम आहे पण आम्ल मारणारा कार्बोनेट नाही.

चुना आणि युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट किंवा ताजं शेणखत एकाच वेळी देऊ नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

तुम्ही पाणी सारखंच म्हणता, ते तलावाचं महापालिकेचं असेल तर काळजी नाही. उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मात्र तपासा. लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलेलं पाणी रोज दोन लिटर दिलं, तर त्यातून दिवसाला अर्धा ग्रॅम चुना पडत असतो. बराचसा निथळून गेला तरी लाल मातीच्या बादलीला दोन महिन्यांत तो जाणवतो. काळ्या मातीला कळतही नाही.

मोजण्याची पद्धत दर वेळी एकच ठेवा. बादलीत खुपसायच्या, बॅटरी नसलेल्या तीन-कामी मीटरवर अजिबात भरवसा ठेवू नका. साधा खिशातला डिजिटल मीटर घ्या आणि प्रत्येक वेळी ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणात, जुळवून घ्या. बादलीत चार ठिकाणांहून, वीतभर खोलीवरून माती घ्या, सावलीत वाळवा, चाळा. १० ग्रॅम मातीत २५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला, अर्ध्या तासात तीन-चारदा ढवळा आणि मोजा. चिकण मातीत एक खोच आहे. मीटरचं टोक ढवळलेल्या गढूळ पाण्यात ठेवलं तर आकडा कमी येतो आणि वरच्या निवळीत ठेवलं तर थोडा जास्त, कारण भारित कणांची गर्दी टोकाशी असते. काळ्या मातीत हा फरक काही दशांशांचा असू शकतो, लाल मातीत कमी. कधी गढूळ, कधी निवळ असं केलंत तर नसलेला बदल दिसेल.

खाचराच्या मातीबाबत आणखी एक गोष्ट. बादलीचं भोक बुजून पाणी तुंबलं की काही आठवड्यांत या मातीचा सामू आपोआप ६.५ च्या आसपास चढतो, कारण हवेअभावी लोहाचं रूप बदलताना आम्ल खर्च होतं. पाणी निघून हवा लागली की तो पुन्हा खाली येतो. वर्षानुवर्षं भात घेताना हेच चक्र फिरतं. विरघळलेलं लोह कणांवरच्या कॅल्शियमला हुसकावून जागा घेतं, ते कॅल्शियम निचऱ्याबरोबर जातं, आणि माती वाळली की लोह परत गंजून मागे आम्ल सोडतं. तुमची खाचराची माती आंबायला या चक्राचाही हातभार असणार. म्हणून तुंबलेल्या बादलीतला नमुना मोजून खूश होऊ नका.

प्रयोगशाळेत द्यायचं असेल तर नीट सांगून द्या. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, सामूही असतो, पण चुन्याची गरज आणि कॅटआयन विनिमय क्षमता (वर सांगितलेली धन आयन धरून ठेवायची क्षमता) या बारांत नसतात. या दोन चाचण्या वेगळ्या मागा. विनिमय क्षमता १० च्या आत आली तर ‘तांब्या’, ३० च्या वर आली तर ‘घागर’. विनिमयक्षम, म्हणजे कणांवर बसलेलं, ॲल्युमिनियम मोजून मिळालं तर त्याहून उत्तम. लाल मातीत प्रत्येक सेंटिमोल ॲल्युमिनियममागे किलोला पाऊण ग्रॅम चुना एवढंच माप धरायचं, सामू काही का असेना.

टोमॅटोची घाई करू नका. काळ्या बादल्यांत आत्ता एप्रिलमध्ये पहिला हप्ता, मेमध्ये मोजून दुसरा. पावसाळ्यात त्यात भेंडी घ्या, बादली विटांवर उचलून आणि भोकं मोकळी ठेवून. गणपती उरकले की पुन्हा सामू मोजा. ६.२ च्या वर असेल तर टोमॅटोची नवी रोपं लावा, आणि लावताना बादलीत चांगली दोन किलो कंपोस्ट मिसळा.